शाळेच्या ग्रंथालयाची पोस्ट: पुस्तक लेकराच्या हातात पडेल अशी

जून महिन्यात शाळा सुरू होते आणि अनेक ठिकाणी ग्रंथालयाचा कारभार नव्या हातात जातो. कुठे अर्धवेळ ग्रंथपाल रुजू होतात, कुठे जिल्हा परिषदेच्या शाळेत एखाद्या गुरुजींकडे दोन कपाटं, एक दाखल रजिस्टर आणि चाव्यांचा जुडगा सोपवला जातो. हल्ली त्यासोबत एक कामही येतं. मुख्याध्यापक सांगतात, "ग्रंथालयाचंही ग्रुपवर काहीतरी टाकत चला." काय टाकायचं, कशात बनवायचं, कुणाला पाठवायचं, हे मात्र कुणी बसवून शिकवत नाही. छत्रपती संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंत मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा लेख लिहितो आहे.

आधी एक कसोटी मनाशी ठरवा. तुमची पोस्ट पाहून दुसऱ्या दिवशी एका तरी लेकराने येऊन "ते पुस्तक द्या" म्हटलं पाहिजे. पुढची सगळी कामं, म्हणजे अक्षर, रंग, फोटो, वेळ, याच कसोटीवर घासून बघायची. दीपप्रज्वलनाचे आणि पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो शाळेच्या पानावर जाऊ द्या, त्यांना तिथे जागा आहे. ग्रंथालयाच्या नावाने जे जाईल त्यात पुस्तक दिसलं पाहिजे.

सुरुवात परवानगीने

खातं उघडण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. अर्ज चार ओळींचा पुरे: कोणतं माध्यम, कोण चालवणार, कोणाला पाठवणार, मुलांचे फोटो टाकणार की नाही. या कागदाची एक प्रत ग्रंथालयाच्या फाइलला लावा. उद्या कुणी हरकत घेतली तर तुमच्या बाजूने बोलणारा हाच कागद असतो.

खातं स्वतःच्या खासगी नंबरवर उघडू नका. शाळेच्या नावाचं वेगळं सिम आणि वेगळा ईमेल घ्या. तुमची बदली होईल, सेवा संपेल, पण खातं शाळेकडे राहिलं पाहिजे. ग्रुप किंवा पानाला कायम दोन ॲडमिन ठेवा, द्विस्तरीय पडताळणीचा पिन चालू करा आणि तो बंद पाकिटात कार्यालयात ठेवा. त्या सिमचं रिचार्ज कोण करणार हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. बराच काळ बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते आणि त्यासोबत खातंही हातचं जाऊ शकतं.

कुठे लिहायचं

नव्या माणसाला एकाच वेळी फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब सगळं सुरू करावंसं वाटतं. माझं ठाम मत आहे की पहिलं पूर्ण वर्ष फक्त व्हॉट्सॲपवर काम करा. आपल्याकडे घरात एक स्मार्टफोन असतो, तो बहुतेक वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या खिशात असतो आणि त्यात व्हॉट्सॲप हमखास असतं.

व्हॉट्सॲपमध्येही चार वेगळ्या सोयी आहेत आणि त्यांतला फरक कळला नाही तर पुढे त्रास होतो. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. मुलींच्या आयांचे नंबर शंभर अनोळखी लोकांसमोर उघडे पडणं चांगलं नाही. ग्रुप वापरायचाच असेल तर वर्गवार छोटा ठेवा आणि 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' हे सेटिंग करा, नाहीतर सकाळच्या शुभेच्छांखाली तुमचं पुस्तक गाडलं जाईल. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पालक सभेत नंबर फळ्यावर लिहा आणि तिथेच सेव्ह करून घ्या. तिसरी सोय कम्युनिटीची. तिच्या घोषणा ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, त्यामुळे मोठ्या शाळेला ती बरी. चौथी म्हणजे चॅनल. भारतात ते सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. त्यातही वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण चॅनल जगजाहीर असतं, ते कुणीही उघडू शकतं. त्यावर मुलांविषयी काहीच टाकायचं नाही, फक्त पुस्तकं.

व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप शाळेच्या सिमवर घेतलं तर 'क्विक रिप्लाय' मिळतात. "ग्रंथालय किती वाजता उघडं असतं", "पुस्तक हरवलं, आता काय करायचं" हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट, गोड भाषेत लिहून साठवून ठेवा.

फेसबुकचं पान दुसऱ्या वर्षी काढा, तेही एका कामासाठी: गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेले माजी विद्यार्थी तिथे भेटतात आणि त्यांना आपल्या शाळेसाठी पुस्तकं द्यायची इच्छा असते. "पुस्तकं द्या" असं मोघम आवाहन केलं की घरातली रद्दी येते. हव्या असलेल्या पुस्तकांची नेमकी यादी, किती प्रती आणि कोणत्या वर्गासाठी, अशी टाका.

अक्षर

डिझाइनमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण मराठी पोस्टची सगळ्यात जास्त नासधूस अक्षरातच होते.

पहिली गोष्ट युनिकोडची, म्हणजे कुठल्याही फोनवर आणि संगणकावर मराठी मराठीच दिसावं अशा टायपिंगच्या पद्धतीची. शाळेच्या कार्यालयातला जुना संगणक बहुधा श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटवर चालतो. त्यात टाइप केलेला मजकूर फोनवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून पोस्टचा मजकूर थेट फोनवर टाइप करा. जीबोर्डमध्ये मराठी कीबोर्ड घेतला की बोलूनही टाइप करता येतं. बोललेलं मात्र वाचून दुरुस्त करायचंच, कारण ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं मशीन स्वतःच्या मनाने टाकतं.

दुसरी गोष्ट फाँटची निवड. कॅनव्हा हे डिझाइनचं ॲप फोनवर चालतं. त्याची शिक्षणासाठीची आवृत्ती शाळेतल्या शिक्षकांना आणि शालेय ग्रंथपालांना पात्रतेचा पुरावा देऊन मोफत मिळते. त्यातले शेकडो फाँट इंग्रजीपुरतेच आहेत. त्यांत मराठी लिहिलं तर ॲप गुपचूप दुसराच फाँट लावतं आणि मग सगळ्याच पोस्ट सारख्या दिसतात. देवनागरीसाठी खास बनवलेले मुक्ता, बलू, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी हे फाँट नाव टाकून शोधा. हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत, छापायलाही कुणाची परवानगी लागत नाही. मजकुराला मुक्ता किंवा नोटो आणि शीर्षकाला जाडसर, गोलसर बलू, एवढ्यावर वर्षभराचं काम भागतं. एका पोस्टमध्ये दोनपेक्षा जास्त फाँट घेऊ नका.

कुठलाही फाँट पक्का करण्याआधी त्यात हे वाक्य टाइप करून बघा: "कोपऱ्यात बसून श्रद्धाने शौर्याची, विज्ञानाची आणि काळ्या मांजराची गोष्ट वाचली, ॲटलास तेवढा राहिला." कोपऱ्यातला ऱ्या आणि शौर्यातला र्या वेगळे दिसले पाहिजेत. द्ध तुटला, ळ अनोळखी दिसला किंवा ॲ च्या जागी रिकामा चौकोन आला, तर तो फाँट सोडून द्या.

लहान वर्गांसाठी आणखी एक बारकावा. शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आणि पाठ्यपुस्तकांमधून लेकरं तेच वळण शिकतात. बरेच फाँट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षर जुळवत वाचायचं असतं, त्यांच्यासाठीच्या पाटीवर तरी पुस्तकातलंच वळण हवं. 'तिरो देवनागरी मराठी' हा फाँट मराठी वळणासाठीच बनवलेला आहे, तो वापरून पाहा.

आता दोन सेटिंगं. ॲपमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय असते. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेषा तुकडे-तुकडे होते. ते शून्यावरच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, साधारण १.४ ते १.५. आपल्या लिपीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. ओळी चिकटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. अक्षराला बाहेरून कडा देणारे, सावल्या देणारे इफेक्ट जोडाक्षरांवर घाण दिसतात, ते टाळलेलेच बरे.

आकाराचं म्हणाल तर १०८० पिक्सेल रुंदीच्या पोस्टमध्ये ४० पेक्षा लहान अक्षर मी कधीच ठेवत नाही. फोन जुना असतो, काच तडकलेली असते आणि वाचणारी आजीही असू शकते.

एकच साचा, वर्षभर

रोज नवं डिझाइन करत बसू नका. एक साचा बनवा आणि तोच वापरा. चौरस पोस्टसाठी १०८० बाय १०८०, स्टेटससाठी १०८० बाय १९२०. वरच्या अर्ध्या भागात पुस्तकाचा फोटो, खाली दोन ओळी मजकूर, तळाला एक रंगीत पट्टी. पट्टीवर कपाटाचा क्रमांक आणि प्रती किती आहेत ते. कोपऱ्यात शाळेचं नाव, लहान. मुख्याध्यापकांचा, संस्थाचालकांचा फोटो यात नसावा. विचारलं तर आदराने सांगा की जागा पुस्तकाला कमी पडते.

या रंगीत पट्टीविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या लेखातली हीच सर्वांत कामाची युक्ती आहे. कपाटांना रंग द्या. गोष्टींना पिवळा, विज्ञानाला निळा, चरित्रांना केशरी, कवितांना जांभळा, शेती-निसर्गाला हिरवा. त्याच रंगाच्या कागदी पट्ट्या पुस्तकांच्या पुठ्ठ्याच्या कडेला, दाखल क्रमांकाच्या वर चिकटवा. आणि फोनवरच्या पोस्टची पट्टी त्याच रंगाची ठेवा. लेकराने घरी वडिलांच्या फोनवर निळी पट्टी पाहिली, सकाळी येऊन ते सरळ निळ्या कपाटाशी उभं राहतं. तुम्हाला विचारावंही लागत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे. ते पाळायला संगणकीकृत सूची असलीच पाहिजे असं नाही, रंगीत घोटीव कागदाचे पाच ताव आणि डिंकाची बाटली यांनीही सुरुवात होते. काही मुलग्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, म्हणून रंगासोबत कपाटाचा आकडा कायम लिहा.

रंगसंगतीचा नियम साधा: फिकट पार्श्वभूमी, गडद अक्षर. फोटोवर थेट अक्षर टाकलं की वाचता येत नाही. टाकायचंच असेल तर अक्षराखाली एकरंगी पट्टा घ्या. दुपारच्या उन्हात, अंगणात उभं राहून फोन बघा. तिथे वाचता आलं तर पोस्ट पास.

फोटो

महागडा फोन लागत नाही, खिडकी लागते. सकाळच्या पहिल्या दोन तासांत खिडकीशेजारी बाकावर पुस्तक ठेवा, ट्यूबलाइट बंद करा, फ्लॅश बंद करा. कव्हर चकचकीत असेल तर पुस्तक थोडं तिरकं धरा, म्हणजे चमक निघून जाते. कॅमेऱ्याची काच आधी रुमालाने पुसा. आपल्याकडच्या धुळीत निम्मे फोटो तिच्यामुळेच धुरकट येतात.

कव्हरपेक्षा कधीकधी आतलं एक चित्र जास्त बोलतं. बेडकाच्या पायाचं चित्र, किल्ल्याचा नकाशा, आजीबाईच्या स्वयंपाकघराचं चित्र. एकच पान घ्या. पुस्तकाची पानंच्या पानं फोटो काढून किंवा पीडीएफ करून ग्रुपवर टाकणं हा कॉपीराइट कायद्याचा भंग आहे, हेतू कितीही चांगला असो. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात. गुगलवरून उचललेल्या चित्रांनाही मालक असतात, तेव्हा फोटो स्वतःच काढा.

पाठवताना व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक अक्षर पुसट होतं. एचडीचा पर्याय निवडा. छपाईसाठी द्यायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲपं चित्रं काढून देतात. त्या चित्रांतली देवनागरी अक्षरं बऱ्याचदा मोडकीतोडकी, अर्थहीन असतात. शाळेच्या नावाने चुकीचं अक्षर बाहेर जाऊ नये. आणि ज्या पुस्तकाचं खरं कव्हर कपाटात आहे, त्याचं काल्पनिक चित्र दाखवायची गरजच नाही.

दोन ओळींचा मजकूर

"आमच्या ग्रंथालयात सर्पविषयक माहितीपूर्ण पुस्तक उपलब्ध आहे. सर्व विद्यार्थ्यांनी लाभ घ्यावा." हे वाचून कुणी उठत नाही. आता हे बघा: "साप दिसला की आपण काठी शोधतो. हे पुस्तक वाचलेली पोरं लांब उभी राहून आधी त्याची खवलं बघतात. निळं कपाट, क्रमांक २. प्रती दोनच." पेरणीच्या दिवसांत, शेतात साप निघतात तेव्हा हे टाकलं तर पालकाचा निरोप येतो, "मॅडम, ते सापाचं पुस्तक लेकराला द्या की."

मजकूर लिहिताना पुस्तकातली एक नेमकी गोष्ट पकडा. त्यासाठी पुस्तक आधी तुम्ही वाचलेलं असलं पाहिजे, यातून सुटका नाही. 'ज्ञानात भर', 'वाचनसंस्कृती', 'अवश्य वाचावे' हे शब्द वगळा. घरात बोलतो तसं लिहा. लई, उलसं, कामून असे आपले शब्द एखाद्या ओळीत आले तर बिघडत नाही, उलट लेकरांना ते आपलं वाटतं.

मजकूर फक्त चित्रात ठेवू नका, खाली वेगळा टाइपही करा. दृष्टिबाधित पालकाच्या फोनमधलं वाचून दाखवणारं ॲप चित्रातली अक्षरं सहसा वाचत नाही. शिवाय टाइप केलेलं पुढे शोधताही येतं. आणि गावात उर्दू माध्यमाची शाळा असेल किंवा आपल्याच वर्गात उर्दू वाचणाऱ्या घरची मुलं असतील, तर तिथल्या शिक्षकांकडून दोन ओळी उर्दूत लिहून घ्या. नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट मोफत आहे. बंजारा तांड्यावरच्या मुलांसाठी गोरमाटीत एखादी ओळ बोलून पाठवली तर तिला मिळणारा प्रतिसाद तुम्ही स्वतःच बघाल.

कधी आणि किती

आठवड्यात दोन पोस्ट पुरेत. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ, माणसं शेतातून, कामावरून घरी आलेली असतात आणि फोन घरात असतो. सकाळी दहाला टाकलेली पोस्ट फोनसोबत रानात जाते. गावातल्या आठवडी बाजाराचा दिवस टाळा.

वर्षाचं एक कॅलेंडर जूनमध्येच करून घ्या. १२ ऑगस्ट हा रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्तचा राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. ३ जानेवारी सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारी राष्ट्रीय विज्ञान दिन. पण आपला खास दिवस १७ सप्टेंबर. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला. झेंडावंदनाला सगळं गाव शाळेत येतं. त्याच्या आदल्या आठवड्यात स्वामी रामानंद तीर्थ आणि मुक्तिसंग्रामाविषयीची कपाटातली सगळी पुस्तकं एका बाकावर मांडून त्यांचा एकच फोटो टाका. शक्य असेल तर गावातल्या वयस्कर माणसाकडून त्या काळाची ऐकीव आठवण दोन मिनिटं रेकॉर्ड करा, अर्थात त्यांची परवानगी घेऊन.

दिनविशेषांच्या पलीकडे आपल्या मातीतली माणसं आहेत. गंगाखेडला जनाबाई, तेरला गोरा कुंभार, नरसीला नामदेव, आपेगावला ज्ञानेश्वर, पैठणला एकनाथ, अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत. नाथषष्ठीला पैठणच्या वाटेवर दिंड्या निघतात, तेव्हा एकनाथांवरचं बालचरित्र दाखवलं तर त्या पुस्तकाला घरातलीही माणसं वाचक म्हणून मिळतात. तुमच्या तालुक्यात कोण होऊन गेलं हे शोधा, आणि त्यांच्यावरचं पुस्तक कपाटात नसेल तर पुढच्या खरेदीच्या यादीत घाला.

ऊसतोडीला गेलेली लेकरं

बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या अनेक तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात, काही आईबापांसोबत फडावर जातात. ग्रंथालयाचं कपाट त्यांच्यासाठी बंद होतं, पण बापाच्या खिशातला फोन सोबत असतो. सोशल मीडियाचा खरा उपयोग मला इथे दिसतो, आणि शाळेकडे दुसरं काहीच करण्याइतका वेळ नसेल तर एवढं एक तरी करावं असं मी आग्रहाने सांगेन.

टोळी निघण्याआधी त्या पालकांची वेगळी ब्रॉडकास्ट लिस्ट करा आणि शाळेचा नंबर त्यांच्याच फोनमध्ये सेव्ह करून द्या. दर आठवड्याला एक गोष्ट आवाजात पाठवा, पाच-सहा मिनिटांची. आवाजाच्या संदेशाला व्हिडिओच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो, रेंज कमी असली तरी तो उतरतो आणि अंधारात कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पडल्या-पडल्याही ऐकता येतो. पंखा बंद करून, खोलीच्या कोपऱ्यात, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून सावकाश वाचा. सुरुवातीला लेकरांशी दोन वाक्यं बोला: शाळेतल्या लिंबाला पालवी फुटली, कबड्डीत आपण जिंकलो.

कोणती गोष्ट वाचायची हा प्रश्न कॉपीराइटमुळे येतो. विकत घेतलेलं पुस्तक आख्खं वाचून रेकॉर्डिंग पाठवता येत नाही. त्यावर चांगला मार्ग आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या भरपूर बालकथा मुक्त परवान्याने ठेवलेल्या आहेत. त्या डाउनलोड करता येतात, छापता येतात, वाचून पाठवता येतात. अट एवढीच की लेखक, चित्रकार, अनुवादक आणि प्रकाशक यांची नावं सांगायची. ती नावं वाचून दाखवणं हाही एक संस्कारच आहे. गोष्टींच्या वाचनपातळ्या दिलेल्या आहेत, त्या बघून निवडा. त्याशिवाय गावातल्या आजींकडून ऐकलेली लोककथा तुमच्या शब्दांत सांगितली तर कुणाचीच परवानगी लागत नाही.

गोष्टीच्या शेवटी एक प्रश्न ठेवा आणि लेकराला आवाजातच उत्तर पाठवायला सांगा. उत्तर आलं की नाव घेऊन उत्तर द्या. चार-पाच महिने शाळेबाहेर राहिलेलं मूल परत वर्गात येईल तेव्हा त्याला परकं वाटणार नाही.

मुलांचे चेहरे आणि नावं

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती मूल ठरते आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती हवी. प्रवेशाच्या वेळीच एक पानी संमतीपत्र मराठीत घ्या, त्यात 'नाही' म्हणायची सोय ठळक असू द्या. संमती असली तरी चेहरा दाखवायची गरज सहसा नसते. पुस्तक धरलेले हात, पाठमोरं बसलेलं मूल, ओळीने ठेवलेल्या चपला, यांतूनही वाचन दिसतं. मुलाचं पूर्ण नाव, वर्ग आणि गाव एकत्र कधीच लिहू नका. फोनमधलं लोकेशन बंद ठेवा.

पुस्तक परत न केलेल्यांची यादी ग्रुपवर टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती कृपा करून बंद करा. चारचौघांत नाव आलेलं लेकरू पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढत नाही. त्याच्या पालकांना स्वतंत्र, साधा निरोप पाठवा. कोण काय वाचतं हेही जाहीर करायचं नसतं, विशेषतः मोठ्या मुलींच्या बाबतीत.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींच्या स्वतःच्या नियमात वयाची अट १३ वर्षांची आहे. म्हणून मुलांना थेट ग्रुपमध्ये घेऊ नका, पालकांचाच नंबर घ्या.

भिंत आणि क्यूआर कोड

ज्या घरात स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी तीच पोस्ट ए-फोर कागदावर छापून शाळेच्या सूचना फलकावर, दूध संकलन केंद्रावर, किराणा दुकानात लावा. भिंतीसाठी मजकूर आणखी कमी करा. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर इंचभर उंच हवं. फ्लेक्स करायचा असेल तर दुकानदाराला मजकूर नुसता पाठवू नका. तो आपल्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करतो आणि वेलांट्या बदलतात. तयार पीडीएफ द्या आणि छापण्याआधी त्याच्या पडद्यावर एकदा वाचून घ्या.

क्यूआर कोडचा सध्या फार उत्साह आहे. मुलांकडे शाळेत फोन नसतो, तेव्हा कपाटावर कोड चिकटवून उपयोग नाही. तो घरी जाणाऱ्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून लावा, म्हणजे पालक फोनवर त्या पुस्तकाविषयी तुमचा एक मिनिटाचा आवाज ऐकू शकतील. आकार किमान दोन सेंटिमीटर, काळा कोड पांढऱ्या कागदावर, चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा. तो आवाज गुगल ड्राइव्हवर ठेवला असेल तर त्या फाइलला 'लिंक असलेला कुणीही' असा परवाना दिला आहे का ते दुसऱ्या फोनवरून तपासा.

कळणार कसं, काम होतंय की नाही

लाइक आणि 'पाहिले' मोजण्यात वेळ घालवू नका. देवघेव नोंदवहीत ज्या पुस्तकाची पोस्ट केली त्याच्या नावापुढे पेन्सिलने एक छोटी खूण करा आणि तारीख टाका. पुढच्या आठ दिवसांत ते किती जणांनी नेलं, किती जणांनी मागितलं पण मिळालं नाही, ते लिहा. महिन्याने वही उघडली की दिसतं: प्राण्यांची पुस्तकं उठतात, सुविचारांची उठत नाहीत, बुधवारची पोस्ट चालते, शनिवारची चालत नाही. मग पुढच्या पोस्टी त्याप्रमाणे बदला. व्हॉट्सॲपवर मतदानाची सोय आहे, "पुढच्या आठवड्यात कोणतं पुस्तक दाखवू?" असं तीन पर्याय देऊन विचारलं तर घरात त्यावर बोलणं होतं.

मागितलं पण मिळालं नाही, हा रकाना नीट जपा. अनुदान आलं की खरेदीच्या बैठकीत तो मुख्याध्यापकांपुढे ठेवा. कोणत्या पुस्तकाच्या आणखी प्रती हव्यात हे त्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं, आणि यादी लेकरांनी केलेली असते.